माकूल म्हणजे शिंपला नव्हे

मा. संपादक, स. न.

रविवारच्या पुरवणीतल्या मालवणी पाककृती वाचल्या. तिसऱ्यांच्या सुक्याबद्दल तक्रार नाही (ओलं खोबरं आणखी चाललं असतं). पण तिसऱ्या, कालवं आणि माकूल (स्क्विड) या सगळ्यांना एकजात ‘शिंपले’ म्हटलंय, ते खटकलं. तिन्ही मृदुकाय (मऊ अंगाचे, बिनकण्याचे प्राणी), एवढंच खरं.

तिसऱ्या-कालवांना बिजागरीने जोडलेल्या दोन शिंपा असतात. डोकं नाही, खरवडून खायला दातेरी जीभ नाही. कल्ल्यांनी पाणी गाळायचं आणि त्यात मिळेल ते खायचं. म्हणूनच सांडपाणी शिरणाऱ्या खाडीतल्या तिसऱ्या घेऊ नयेत. हे पाककृतीत यायला हवं होतं.

माकूल शीर्षपाद (डोक्यालाच पाय असलेल्या) वर्गातलं. तीन हृदयं, निळसर रक्त, आठ बाहू, शिवाय भक्ष्य पकडायला दोन लांब सोंडा. कवचाची उरलीसुरली खूण म्हणजे साफ करताना आपण ओढून काढतो ती पारदर्शक काडी. शंख आणि गोगलगायी हा मृदुकायांचा आणखी वेगळा वर्ग, उदरपाद (पोटाच्या पायावर सरकणारे). बहुतेकांना एकच पिळदार कवच.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी. आमच्याकडची मुलं ही कात्रणं प्रकल्पवहीत चिकटवतात.

– एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, मालवण