शेवटच्या थेंबापर्यंत?

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी ग्लासात सोया मेणबत्ती, म्हणजे सोयाबीनच्या तेलापासून केलेल्या मेणाची मेणबत्ती, करण्याची कृती वाचली. कृती ठीक आहे, पण शेवटी लिहिलं आहे की हे मेण काचेला न चिकटता शेवटच्या थेंबापर्यंत जळतं. याच समजुतीवर मी गेल्या दिवाळीत अशा मेणबत्त्यांचे चाळीस ग्लास विकले आणि तोंडावर पडले.

आमच्याच इमारतीतल्या एका काकूंनी आठवड्याभरात ग्लास परत आणला. मधोमध विहीर खणल्यासारखा खड्डा आणि भोवती बोटभर जाड मेण. ‘‘अगं, निम्मं तर तसंच राहिलं की!’’ पैसे परत मागितले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

मी आधी मेणाला दोष दिला. दुसरीकडून मागवलं, तेच झालं. मग एकदा समई लावताना लक्षात आलं, समईच्या वातीला तेल आयतं मिळतं. मेणबत्तीच्या वातीला ते आधी स्वतःच्या आचेवर वितळवून घ्यावं लागतं. माझा ग्लास आतून साडेसात सेंटिमीटर रुंद आणि वात मात्र दुकानदाराने ‘सगळ्याला चालते’ म्हणून दिलेली, बारीक. तिची आच कडेपर्यंत पोचतच नव्हती.

मुलाची जुनी वही आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बसले. बारीक वात तासाला तीन ग्रॅम मेण खायची, तिच्याहून दोन नंबर जाड वात पाच. त्याहून जाड लावली तर टोकाला काळं बोंड धरलं आणि ग्लासाचं तोंड काजळलं. म्हणून एक पायरी खाली आले. तरी वरच्या भागात काचेला पातळ थर राहायचाच. पुन्हा वात बदलणार होते, पण आळस कामी आला. मेण निम्म्यावर उतरलं तशी काच तापली आणि तो थर आपोआप घसरून खाली आला. पहिल्या दोन तासांत निकाल लावायचा नाही, पूर्ण ग्लास जाळून बघायचा, हे तेव्हा कळलं. तेही ओतल्यावर दोन आठवडे थांबून. आज ओतून उद्या पेटवलेली सोया मेणबत्ती खरी चाल दाखवत नाही. वास यावा म्हणून दहा टक्के सुगंधी तेल घालत होते, ते सहावर आणलं. त्यानेही ज्योत सुधारली.

एक ग्लास मात्र एकाच बाजूने जळत होता. दोन दिवस डोकं खाजवलं. वर बघितलं तर पंखा चालू! ज्योत सारखी एकीकडे झुकत होती.

गिऱ्हाईकाची चूकही असते. आरतीपुरती दहा मिनिटं लावून विझवली की मधे खड्डा पडणारच. पहिल्यांदा मेण कडेपर्यंत वितळेस्तोवर, साधारण तीन तास, जळू द्यावी. चार तासांच्या पुढे नको. वात दर वेळी पाच-सहा मिलिमीटरवर कापावी. आता हे चिठ्ठीवर लिहून देते.

आणि शेवटचा थेंब? तो जाळायचाच नसतो! तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की थांबायचं. त्याहून खाली ज्योत तळ तापवते आणि काच तडकू शकते. तेवढं मेण गरम पाण्याच्या पातेल्यात ग्लास ठेवून सैल करावं, कागदाने पुसून कचऱ्यात टाकावं. सिंकमध्ये ओतू नये, पाइपात गोठतं. आमच्या प्लंबरने याबद्दल मला जे सुनावलं ते छापण्यासारखं नाही.

पुढच्या पुरवणीत निदान काच तडकण्याबद्दल दोन ओळी द्याव्यात, ही विनंती. काकूंना मी नवा ग्लास दिला. त्या बसतात तिथे पंखा असतो का, ते मात्र आधी विचारून घेतलं.

– एक वाचक, डोंबिवली