नवे नारळ फोडण्याआधी उघडी खडी झाका

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक बांधकाम विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

थकीत बिलांची निवेदने आपल्याकडे ढिगाने आली आहेत. आमची मागणी एकच आणि नेमकी आहे: ऑक्टोबरात डांबरीकरणाचा हंगाम सुरू झाला की निधीचा पहिला हप्ता, ज्या रस्त्यांवर खडीचा थर उघडा पडून आहे, त्यांना द्या. नवे कार्यारंभ आदेश त्यानंतर.

डब्ल्यूएमएमचा (वेट मिक्स मॅकॅडम, म्हणजे ओल्या खडीचा) थर प्लांटमध्ये मोजून पाणी घालून मिसळतात, पेव्हरने पसरतात, व्हायब्रेटर रोलरने दाबतात. तो वाळला की कॉम्प्रेसरने धूळ उडवायची, चौरस मीटरला 0.7 ते 1 किलो इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या पातळ डांबराचा) प्राइम कोट, म्हणजे पहिला हात, मारायचा आणि तो मुरल्यावर वर डीबीएम, म्हणजे डांबर-खडीच्या गरम मिश्रणाचा थर, टाकायचे. डांबर पडेपर्यंत हा थर वाहतुकीला खुला करायचाच नसतो. कारण तोवर खडीला धरून ठेवते ती फटींत बसलेली बारीक भुकटी. चाकांखाली आधी ती उडते, मग खडी सुटते. काळ्या मातीच्या पट्ट्यात पावसाचे पाणी थेट खाली उतरते, माती फुगते आणि कडा खचतात. पावसाळ्यानंतर थर उकरून, माल मिसळून पुन्हा दाबावा लागतो. अंदाजपत्रकात या खर्चाला जागा नसते. मग वरवर झाडून सुट्या खडीवरच डांबर पडते आणि वर्षाच्या आत त्याचे पापुद्रे निघतात.

काम नेमके इथेच का अडते? खडी-मुरूम उधारीवर मिळतो, डांबर मिळत नाही. साडेपाच मीटर रुंद रस्त्याच्या एका किलोमीटरला 50 मिमी जाडीचे डीबीएम म्हणजे सुमारे 645 टन माल. साडेचार टक्क्यांनी 29 टन डांबर. पैसे आधी भरल्याशिवाय टँकर हलत नाही, आणि डांबराचा दर प्रत्येक महिन्याच्या 1 आणि 16 तारखेला बदलतो. कोट्यवधींच्या कामाला नाममात्र तरतूद असेल तर पहिल्या रनिंग बिलातच (काम चालू असताना निघणाऱ्या बिलात) ती संपते. पुढची भिस्त पुरवणी मागण्यांवर. पैसा मार्चअखेरीस सुटला की सगळ्यांना एकदम डांबर हवे असते, हातात उरतात एप्रिल आणि मे. काही जण डांबराचे प्रमाण 4.5 वरून 4.2 टक्क्यांवर आणतात. किलोमीटरमागे जवळपास दोन टन वाचतात आणि रस्ता मरतो. हे अक्षम्य आहे, त्यावर कारवाई व्हायलाच हवी.

आता रोजगाराचे. प्लांट बंद पडला की ऑपरेटर, टिपर-रोलरचे चालक, पेव्हरमागे दंताळे घेऊन गरम माल सारखा करणारे मजूर, सगळे एकदम घरी बसतात. बिल अडले की मुकादमाचे पैसे अडतात, आणि मजुराने घेतलेली उचल कामाविना फिटत नाही. शिवाय बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. दर बिलातून कल्याण उपकराचा एक टक्का कापला जातो, पण हंगाम तुटला की त्याच मजुराचे 90 दिवस भरत नाहीत. छोट्या कामांतला एक वाटा सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी राखीव असतो. त्यांच्यापाशी बँकेच्या कर्जाखेरीज भांडवल नसते.

म्हणून करायचे ते असे. प्रत्येक उपविभागाने सप्टेंबरअखेर उघड्या थराच्या रस्त्यांची यादी साखळी क्रमांकासह (रस्त्यावरचे नेमके अंतर दाखवणाऱ्या आकड्यासह) जाहीर करावी, आणि पहिला हप्ता त्याच यादीवर खर्ची पडावा. उकरून पुन्हा दाबण्याच्या कामाला स्वतंत्र बाब म्हणून मान्यता द्यावी. एका हंगामात डांबरी थरापर्यंत पोचण्याइतकी रक्कम बीडीएसवर (निधी वाटपाच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर) दिसल्याशिवाय नव्या कामाचा आदेश निघू नये. निधी कमी असेल तर दहा किलोमीटर खडीऐवजी चार किलोमीटर पूर्ण रस्ता करावा. बिले मोजमाप पुस्तकातल्या नोंदीच्या तारखेप्रमाणे, ओळीने द्यावीत, आणि ती ओळ संकेतस्थळावर सर्वांना दिसावी.

यातल्या पहिल्या मागणीला नवा पैसा लागत नाही, फक्त वाटपाचा क्रम बदलावा लागतो. त्याचा आदेश सप्टेंबरपूर्वी निघावा, ही विनंती.

आपले,
रस्त्यांच्या कामांवरील छोटे कंत्राटदार, अभियंते आणि मुकादम