फॉर्मवर सही केलीये, पण आधी हे वाच

अरे रोहन,

साडेअकरा वाजलेत, मेस बंद करून वर आलोय आणि तू झोपलायस किंवा झोपल्याचं नाटक करतोयस. समोरासमोर बोलायला गेलो की माझा आवाज चढतो, म्हणून व्हॉट्सॅपवर टाइप करतोय. चुका असतील, समजून घे.

परवा तू अकरावीचा फॉर्म दाखवलास, फिजिक्स केमिस्ट्री बायो इंग्लिश आणि पाचवा विषय होम सायन्स, आणि मी सगळ्यांसमोर, म्हणजे पोळ्यावाल्या मावशी आणि एमपीएससीची आठदहा पोरं जेवत होती त्यांच्यासमोर म्हणालो, "पोळ्या लाटायला शिकवायची फी भरू का मी?" मावशी हसल्या, पण त्या मला हसत होत्या हे नंतर लक्षात आलं. सदाशिव पेठेत चौदा वर्षं रोज शंभर-सव्वाशे पोरांना वरण-भात-भाजी-पोळी घालणारा माणूस हे बोलत होता.

खरं काय झालं ते सांगतो. मी शाळेत चौकशीला गेलो होतो तेव्हा काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "मुलगा आहे ना तुमचा? मग होम सायन्स?" शेजारी दोन पालक उभे होते. मला काही बोलायला सुचलंच नाही. तिथली लाज घेऊन घरी आलो आणि तुझ्यावर काढली. तुला माहीत नसेल, मी मेस टाकली तेव्हा तुझे आजोबा दोन वर्षं गावात सांगत होते की पोरगा पुण्यात कंपनीत आहे. कंपनी म्हणे!

आणि तो भात. गेल्या मे महिन्यात तीन पोरांना उलट्या झाल्या, मी पनीरवर खापर फोडलं, डेअरीवाल्याशी भांडून आलो. तू आत्याचं जुनं पुस्तक घेऊन बसलास आणि म्हणालास, बाबा, पनीर नाही, भात. दुपारचा उरलेला तुम्ही पातेल्यात झाकून ठेवता आणि रात्री फोडणी घालता. तांदळातल्या एका बॅक्टेरियाचे स्पोअर शिजवूनही मरत नाहीत, भात तासन्‌तास ५ ते ६० डिग्रीच्या मध्ये राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी केलेलं विष परत कितीही गरम केलं तरी जात नाही. मी म्हटलं आमच्या आईने आयुष्यभर शिळ्या भाताला फोडणी दिली, कोणाला काही झालं नाही. तर तू म्हणालास आजीचा भात वाटीभर उरायचा, तो लगेच गार व्हायचा, तुमचं पातेलं कमरेएवढं, मधला भात संध्याकाळपर्यंत कोमट असतो, हात घालून बघा. घातला. होता कोमट. डेअरीवाल्याची माफी मात्र मी अजून मागितलेली नाही.

काल आत्याला फोन केला. ती कर्वे रोडच्या एसएनडीटीला होम सायन्स शिकली, म्हणजे महर्षी कर्व्यांनी १९१६ साली बायकांसाठी काढलं त्या विद्यापीठाचं कॉलेज. मला वाटलं ती माझी बाजू घेईल. ती म्हणाली, आपल्या शाळेत मुलींना शिवण आणि मुलांना सुतारकाम होतं, तुला आठवतंय का तू शिवणाच्या वर्गाबाहेर रेंगाळायचास? (रेंगाळायचो, तिथे पंखा होता.) मग म्हणाली की १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने सांगितलं होतं, हा विषय ठेवा पण मुलींवर सक्ती करू नका. तिचं म्हणणं असं की सक्ती गेली तरी मुलगे काही आले नाहीत, आणि हुशार मुलीही निघून गेल्या, कारण ज्या घरकामातून सुटायचं तोच विषय परत वर्गात कोण घेणार. मग राहिलं काय, तर "मार्क पडतात" म्हणून घेणारे. प्रॅक्टिकलचे ३० मार्क, नटवलेली फाइल, रुमालावर टाके. तुझ्या शाळेतही तसंच शिकवत असतील तर तुला कंटाळा येईल, हे आधीच सांगून ठेवतो. आत्याच्या वर्गात म्हणे दोरे जाळून बघायचे, सुताला जळक्या कागदाचा वास, लोकरीला जळक्या केसांचा, आणि नायलॉन वितळून त्याची गोळी होते. हे मला कोणी शिकवलं असतं तर मी वर्गात जागा राहिलो असतो.

अजून एक गंमत बघ. तुझ्या वर्गातली निम्मी पोरं पाचवा विषय फिजिकल एज्युकेशन घेतायत, तेही मार्कांसाठीच, त्यातले किती जण पळतात देव जाणे. त्यांना कोणी काही विचारत नाही. मीही नसतं विचारलं.

मॅथ्स सोडतोयस याची मला अजून धाकधूक आहे, ते लपवत नाही. जेईईचा रस्ता बंद होतो. आत्या म्हणते न्यूट्रिशन, डाएटेटिक्स वगैरे आहे, पण तुला फूड टेक्नॉलॉजीच करायचं असेल तर काही ठिकाणी मॅथ्स मागतात, ते फॉर्म द्यायच्या आधी तू स्वतः बघ, मित्रांच्या सांगण्यावर जाऊ नको. बघून झाल्यावरही हेच घ्यायचं असेल तर घे.

फॉर्म गल्ल्याच्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहे. पालकाच्या व्यवसायाच्या रकान्यात दरवेळी मी 'बिझनेस' लिहितो. या वेळी 'खानावळ' लिहिलंय, खाडाखोड झालीये थोडी, चालतं का विचार, नाहीतर नवीन फॉर्म आण.

आजचा भात परातीत पसरलाय, अजून फ्रीजमध्ये ठेवलेला नाही. जागा असशील तर ठेवून ये, मला पाच वाजता मार्केटयार्डला जायचंय.

बाबा