तेहतिसाव्या प्रकरणापर्यंत थांबावे

संपादक महोदय,

एमिली ब्राँटे यांची 'वदरिंग हाइट्स' ही कादंबरी प्रेमकथा म्हणून हाती घेणारे अनेक वाचक तिचा नायक हीथक्लिफ याच्या क्रौर्याने अस्वस्थ होतात आणि यात आवडावे असे एकही पात्र नाही, असा निकाल देऊन पुस्तक अर्ध्यावर मिटतात. ही तक्रार जुनीच आहे. डिसेंबर १८४७ मध्ये 'एलिस बेल' या टोपणनावाने ही कादंबरी प्रसिद्ध झाली, तेव्हाही समीक्षकांनी तिचे सामर्थ्य मान्य करतानाच तिच्यातील निर्दयतेवर बोट ठेवले होते. त्यांपैकी पाच अभिप्रायांची कात्रणे लेखिकेच्या मृत्यूनंतर तिच्या लेखनपेटीत सापडली, हे वाचून माझे मन फार हलले.

प्रेयसी कॅथरिनचा भाऊ हिंडली याला जुगारापायी कर्जात बुडवून त्याचे घर गिळणाऱ्या आणि कॅथरिनची नणंद इझाबेला हिच्याशी वैरापोटी लग्न करणाऱ्या हीथक्लिफला लेखिकेने कुठेही निर्दोष ठरवलेले नाही. चौतीसपैकी तेहतिसाव्या प्रकरणात कॅथरिनचे माहेर व सासर ही दोन्ही घराणी त्याच्या मुठीत आलेली असताना, तिची मुलगी तरुण कॅथी व हिंडलीचा मुलगा हेअरटन यांच्या डोळ्यांत त्याला दिवंगत कॅथरिन दिसते आणि शेवटचा घाव घालण्याची इच्छाच विझून जाते. सूड असा हाताशी येऊन निरर्थक होताना दाखवणारी ही पाने न वाचता दिलेले मत मला अपुरे वाटते.

आपला,
एक वाचक