बाबा, तो अर्ज भराच

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर दयानंद योजनेच्या पेन्शनचा विषय काढला की बाबा "बरं, ठेवतो" म्हणतात आणि आई लगेच जेवलीस का ते विचारते. म्हणून सगळं लिहून पाठवतेय. दोघांनी मिळून वाचा. आई, तू मोठ्याने वाच, म्हणजे बाबांना मधली पानं गाळता येणार नाहीत.

चतुर्थीला आत्याने, तिला मिळते त्या दयानंद योजनेचं नाव काढलं तेव्हा बाबा ताटावरून उठायचेच बाकी होते. "ती एकटी बाईमाणूस, तिची गोष्ट वेगळी. मी आजवर कुणाच्या दारात उभा राहिलो नाही." बाबा, तुमचा हा बाणा मला ठाऊक आहे आणि त्याचा अभिमानही आहे. पण इथे दार कुणाचं आहे ते तरी बघा. 2001 साली गोवा सरकारने ही योजना आणली, भाऊसाहेब बांदोडकरांच्या नावाने. साठीपुढचे ज्येष्ठ, एकट्या पडलेल्या बायका, दिव्यांग, अशा उत्पन्न बेताचं असलेल्यांसाठी आहे ती. ज्येष्ठांना महिन्याला 2000 रुपये, थेट बँकेच्या खात्यात. गोव्यात किमान पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं. तुमचा तर जन्मच इथला, गोवा मुक्त व्हायच्याही आधीचा. योजनेत धडधाकट माणसाला मनाई आहे असं कुठे लिहिलेलं नाही.

आणि हे पैसे आमदार आपल्या खिशातून देत नाही. निवडणूक आली की वाड्यावर जी माणसं "तुमचं काम आम्ही करून दिलं" म्हणत फिरतात, त्यांना काय म्हणायचंय ते म्हणू देत. अर्ज समाज कल्याण खात्याकडे जातो, मंजुरी तिथून येते. कुणाचा फोन लागत नाही, की शाल-नारळ घेऊन कुणाला भेटावं लागत नाही. एखादा "मी करून देतो" म्हणत आला तर चहा द्या आणि वाटेला लावा.

आता हिशेबाचं बोलू. तीस वर्षं तुम्ही टिप्पर चालवलात. पिसुर्ल्याच्या खाणीवरून खनिजाचा माल भरायचा आणि जेटीवर रिकामा करायचा, दिवसाला होतील तितक्या खेपा. ट्रक दुसऱ्याचा, माल कंपनीचा, धूळ तेवढी तुमची. ना फंड, ना ग्रॅच्युइटी. 2012 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा मालकाने गाडी विकायला काढली. पुढे थोडं सुरू झालं न झालं, तोवर 2018 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने खाणींच्या 88 लीज रद्द ठरवल्या आणि मार्चमध्ये पुन्हा सगळं ठप्प झालं. त्याच वर्षी तुम्हाला साठ पूर्ण झाली. ज्या मालावर सरकारने वर्षानुवर्षं रॉयल्टी घेतली तो जेटीपर्यंत तुम्ही पोचवलात. त्यातले वर्षाला 24,000 परत तुमच्या खात्यात आले तर कुणाचे उपकार झाले, सांगा मला. अर्ज न भरता जी वर्षं घालवलीत त्यांचं काही मागून मिळायचं नाही. गेलं ते गेलं.

2000 मध्ये काय होतं, असंही तुम्ही म्हणाल. फार होत नाही, कबूल. रक्कम 2012 मध्ये 2000 झाली आणि त्यानंतर कितीतरी वर्षं तिथेच अडून बसली. बाजारातला बांगडा काही तिच्यासाठी थांबला नाही. पण केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब माणसाला केंद्राचा वाटा 200 रुपये आहे, 2007 पासून तेवढाच. त्यापुढे गोव्याचे 2000 निदान औषधाच्या दुकानात दाखवता येतात. तुमच्या बीपीच्या गोळ्या, आईचं थायरॉईड, आणि वर गॅस, एवढं त्यातून भागतं. आत्या त्यातूनच भागवते. ती म्हणते, पैसे दर महिन्याला ठरल्या तारखेला येतातच असं नाही, कधी दोन महिन्यांचे एकदम पडतात. तेव्हा त्या भरवशावर उधारी करू नका, एवढंच.

कागदांचं आता नीट ऐका, घोडं अडणार आहे ते इथेच. रहिवासाचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला डिचोलीला मामलेदार कचेरीतून घ्यायचा. गोवा ऑनलाईनवरूनही अर्ज करता येतो, ते मी इथून करते, तुम्ही फक्त कागदांचे फोटो पाठवा. आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक घरात आहे. पासबुकात आधार जोडलेलं आहे का ते मात्र बँकेत विचारून घ्या. खरी अडचण तुमच्या जन्मदाखल्याची आहे. तुमची नोंद पोर्तुगीज अमदानीतली. लोखंडी ट्रंकेतला तो पिवळा कागद मी मागच्या खेपेला उघडून पाहिला. त्यात तुमचं नाव पाद्री लिहील तसं लिहिलंय, आजोबांच्या नावाला शेपूट वेगळंच, आणि आडनाव असं वळवलंय की पहिल्यांदा मला वाटलं हा दुसऱ्याच कुणाचा दाखला आहे. आधारवरचं नाव निराळं, मतदार कार्डावरचं तिसरंच. खिडकीवरचा माणूस हे बघून कागद परत सरकवणार. त्याच्यावर रागावू नका. आपल्या पिढीजात गोंयकारांपैकी निम्म्यांचं असंच आहे. दोन्ही नावांचा माणूस एकच, असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्यायचं आणि सिव्हिल रजिस्ट्रारकडून जन्मनोंदीची ताजी प्रत काढायची. ट्रंकेतला कागद घडीवर फाटलाय, तो कचेरीत नेऊच नका.

उत्पन्नाच्या दाखल्यात आहे ते लिहायचं, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. मी पाठवते त्या पैशांचं काय, असं तुम्ही विचारणार. तलाठी विचारेल तेव्हा तेही सांगायचं. लपवाछपवी नको. अपात्र लोकांची नावं सरकारने मध्यंतरी छाटायला घेतली, घेतलेले पैसे वसूल करायला लागले, त्यात नोकरदारांच्या घरातलीही नावं निघाली. आपल्याला तसलं काही पचणार नाही. ज्याच्या दारात दोन गाड्या उभ्या आहेत तो घेतो म्हणून आपण घ्यायचं, असं माझं म्हणणं नाही. आपण बसतो त्यात, म्हणून घ्यायचं.

आई, आता तुझं. तुझा गृह आधार, म्हणजे गृहिणींना सरकार देतं ती महिन्याची मदत, चालू आहे, तो 2012 मध्ये सुरू झाला तेव्हा अंगणवाडीच्या बाईंनी तुझा अर्ज भरला होता. 1000 चे 1200 झाले आणि मग 1500. तू म्हणतेस ते पैसे "माझे", आणि मला ते ऐकायला आवडतं. बाबांनी तेव्हा एका शब्दाने हरकत घेतली नव्हती, हे त्यांच्या लक्षात आणून दे. तुझीही साठ उलटली आहे, तेव्हा दयानंद योजनेत जाता येईल का आणि त्यात तुझा फायदा आहे का, हे एकदा बालविकास प्रकल्प कार्यालयात विचारून ये. एका बाईला दोन्हीकडून मिळत नाही, एकच घ्यायचं. पण गृह आधार बंद करून मग दुसऱ्याची वाट बघत बसू नकोस. आधी विचार, लेखी घे, मग हालचाल कर. शेजारच्या काकीचं मधल्या मध्ये लटकलं होतं, आठवतंय ना.

हयातीचा दाखला दोघांनीही ध्यानात ठेवायचा. वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं सांगावं लागतं, नाहीतर पैसे गुपचूप बंद होतात आणि कुणी कळवायला येत नाही. आत्याचे एकदा असेच थांबले, कारण तेव्हा ती गुडघ्यामुळे अंथरुणात होती. बाबा म्हणतील, मी जिवंत आहे हे सरकारला कशाला सांगू. सांगा हो, वर्षातून एकदाच सांगायचंय.

दवाखान्याचं वेगळं. दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड तुम्ही 2016 मध्येच काढलंत, रांगेत उभं राहून, आणि तेव्हा तुम्हाला मुळीच कमीपणा वाटला नाही, कारण रांगेत अख्खा गाव होता. सरकारी नोकरदार सोडले तर पाच वर्षं गोव्यात राहिलेल्या कुणालाही ते मिळतं, गरीब-श्रीमंत बघत नाहीत. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला उपचारांसाठी वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसं असली तर चार लाख. म्हणजे त्याच तिजोरीतून इस्पितळाचे अडीच लाख चालतात आणि तांदळाचे दोन हजार नाहीत? बाबा, याचं उत्तर मला शिगम्याला द्या. कार्डाची मुदत संपलीय का ते आधी बघा. ते आजारी पडल्यावर शोधायची वस्तू नाही. बाबांचा गेल्या वर्षीचा छातीत दुखण्याचा प्रकार नुसत्या पित्तावर निभावला, पुढच्या वेळी निभावेलच असं नाही. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, गेलात तरी कार्ड आणि आधार बरोबर असू द्या.

आत्या सत्तरीपुढची आहे, म्हणून तिच्यासाठी आणखी एक. 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तर पूर्ण झालेल्या प्रत्येकाला आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला पाच लाखांपर्यंत. आधार कार्ड घेऊन तिला कुणीतरी घेऊन जा. आहे ते सोडून हे घ्यायचं की कसं, ते तिथेच विचारून घ्या.

रेशनचं सांगायचं तर तांदळाला 2023 पासून पैसे पडत नाहीत, माणशी पाच किलो, आणि अंत्योदय कार्ड असेल तर घराला पस्तीस किलो. माझं नाव लग्नानंतर काढलं, बरंच झालं, नाहीतर ई-केवायसीसाठी मला पुण्याहून अंगठा घेऊन यावं लागलं असतं. बाबांचा अंगठा मशीनवर उठत नाही म्हणून दुकानदाराने मागे परत पाठवलं, हे आईने सांगितलं. स्टिअरिंगवर आणि कोयत्याच्या मुठीवर झिजलेली बोटं ती, उठणार कुठून. आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे नव्याने द्या, डोळ्यांचंही होतं. तांदूळ आवडत नाही म्हणून सोडून देऊ नका. उकड्याची चव नाही त्याला हे खरं, पण घावनांना चालतो, इडलीला चालतो.

बाकीचं भराभर सांगते. पीएम किसानचा नाद सोडा. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून पणजोबांचं नाव आणि खाली अर्धा वाडा, तो गुंता सुटेपर्यंत वर्षाचे 6000 आपल्या वाट्याला येत नाहीत. काजूचं मात्र बघा. 2023 मध्ये सरकारने आधारभाव किलोला 150 केला. बाजारात त्याहून कमी मिळाला तर फरक सरकार देतं, पण त्यासाठी कृषी कार्ड लागतं आणि विक्रीची पावती लागते. दारावर येणाऱ्या भय्याला बिया मोजून दिल्यात तर पावती कुठून येणार? या मोसमात निदान अर्ध्या तरी पावती घेऊन विका. कृषी कार्ड विभागीय कृषी कार्यालयातून मिळतं.

आणि कला सन्मान. हसू नका. हलाखीतल्या ज्येष्ठ कलाकारांना कला आणि संस्कृती खातं दरमहा मदत देतं. तुम्ही कितीतरी सप्ताह पखवाजावर जागवलेत. पण खात्याला कागद हवा, आणि तुम्ही एक निमंत्रणपत्रिका जपलेली नाही. दिंडीच्या रात्रीचा तो फोटो तेवढा आहे, ज्यात पखवाज स्पष्ट आणि तुम्ही पुसट. त्यावर काही होणं कठीण दिसतं. भजनी मंडळाच्या जुन्या वह्या मिळाल्या तर बघू, नाही तर राहू दे.

एवढं सगळं एकदम करायला जाऊ नका, बाबा कंटाळतील आणि सगळंच फिसकटेल. पहिलं काम जन्मदाखल्याची प्रत. पंचायतीत स्वयंपूर्ण मित्र म्हणून सरकारी अधिकारी येतात, त्यांचा दिवस विचारून ठेवा आणि आपल्या नावांचा घोळ त्यांच्या कानावर घाला. दाखले हातात आले की अर्ज मी शिगम्याला येईन तेव्हा बसून भरू. सही तेवढी बाबांनी करायची, आणि ती मराठीत करायची की इंग्रजीत ते पासबुकावर कशी आहे ते बघून ठरवू.

आई, पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो उद्याच पाठव, नीट उजेडात काढ. बाबा, सिव्हिल रजिस्ट्रारकडे सकाळी लवकर जा, दुपारी जेवणाच्या वेळी खिडकी बंद असते.

तुमची,
बाय