खिसा नसलेला ड्रेस

सोन्या,

इंग्लिशच्या क्लाससाठी त्या पिक्चरवर लिहिलेलं ते पान तू काल रात्री माझ्या लॅपटॉपवर उघडंच ठेवून गेलास. चुकून की मुद्दाम ते मी विचारणार नाही, पण मी वाचलं, दोनदा वाचलं, आणि समोर बसून बोलायला गेले की मी रडणार आणि तू 'आई प्लीज' म्हणत वर रूममध्ये जाणार हे मला माहितीये म्हणून लिहून ठेवतेय.

त्या पिक्चरला आपण गेलो तेव्हा मी आणि छोटी अर्ध्यापासूनच रडत होतो, बाबा पण मधेमधे चष्मा पुसत होते आणि तू एकदम ताठ बसलेलास. गाडीतही गप्प. मला वाटलं तुला आवडला नाही, हल्ली आमच्या आवडीचं तुला काहीच आवडत नाही असं मी धरूनच चालते, चुकलंच माझं. तू लिहिलंयस की तुला राग आला होता. ती आई आपलं आजारपण शेवटपर्यंत मुलांपासून लपवते, हसत हसत डबे भरते, वाढदिवस करते, आणि आख्खं थिएटर तिच्या धीरासाठी रडतंय आणि तुझ्या डोक्यात एकच की हिने मुलांचा वेळ काढून घेतला. त्यांना काही विचारायचं असेल, भांडायचं असेल, नुसतं शेजारी पडून राहायचं असेल, ते नको असं परस्पर ठरवणारी ती कोण. अरे मला हे सुचलंच नाही. मला ती बाई बरोबरच वाटली होती. माझ्या आजीला मी तापात पोळ्या लाटताना बघितलंय, कुणाला कळू न देता, आणि सगळे म्हणायचे किती सोशिक, आणि मीही तेच शिकले बहुतेक, आणि तू ते माझ्याकडे बघून शिकलास की काय हे काल रात्रभर डोक्यात फिरत होतं.

कारण तुझ्या पानाची शेवटची ओळ, गेल्या हॅलोवीनला मी पण हेच केलं होतं.

त्या रात्रीबद्दल आपण नीट कधी बोललोच नाही ना. 31 ऑक्टोबर, वेष घालून घरोघरी चॉकलेटं गोळा करायचा दिवस, आला तसा गेला, तू बरा झालास, आणि मी देवापुढे दिवा लावून विषय बंद केला. मला इतके दिवस वाटत होतं की घरी आल्यावरच तुला त्रास सुरू झाला. काल कळलं की तिसऱ्या घरापाशी तो छोटा चॉकलेटचा तुकडा तोंडात टाकल्या टाकल्या जिभेला खाज सुटली होती, काजू आहे हे तुला तेव्हाच कळलं होतं, आणि मित्र पुढे चालले होते म्हणून तू पाणी प्यायलास आणि आणखी दोन ब्लॉक चालत राहिलास. कोणीतरी विचारलं पण, ओके आहेस का, तर आय ॲम फाइन. वीस-पंचवीस मिनिटं, सोन्या. घरी आलास तेव्हा मानेवर गांधी उठलेल्या, आवाज घोगरा, आणि दारातच उलटी.

आता माझं ऐक, कारण लपवणारा तू एकटा नव्हतास. मी काय केलं त्या वेळी? ॲलर्जीची गोळी दिली आणि सोफ्यावर तुझ्याकडे बघत बसले. इंजेक्शनचं पेन वरच्या कपाटात होतं हे मला माहीत होतं. पण ते टोचलं तर 911 ला फोन करावा लागेल, ॲम्ब्युलन्स येईल, सगळी गल्ली बघेल, कदाचित गोळीने उतरेल. असली सगळी गणितं मी करत होते आणि तुझा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला होता. ते पेन छोटीने धावत आणलं, 9 वर्षांची पोर, तिला कुणी सांगितलंही नव्हतं. निळं टोपण काढलं, नारिंगी टोक तुझ्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला, त्या हाडांच्या सापळ्याच्या काळ्या ड्रेसवरूनच दाबलं, तीन आकडे मोजले, आणि माझा हात नंतर सुटेना. ॲम्ब्युलन्सवाल्या मुलीने तुला बसू दिलं नाही, पाय वर करून आडवंच ठेवलं, आठवतंय? मी तुला उशी लावून बसवायला निघाले होते आणि तीच चूक होती, एकदम उठवलं तर ब्लडप्रेशर कोसळू शकतं म्हणे.

हॉस्पिटलमध्ये मग चार तास ठेवून घेतलं तेव्हा मी चिडले होते, आता बरा दिसतोय मग कशाला. डॉक्टरांनी समजावलं की एकदा उतरलेली रिॲक्शन काही तासांनी परत चढू शकते. गोळीने खाज कमी होते, गांधी जातात, पण सुजलेला घसा किंवा पडलेलं प्रेशर ती सांभाळू शकत नाही, ते काम पेनमधल्या औषधाचं, एपिनेफ्रिनचंच, आणि ते जितकं उशिरा तितका धोका जास्त. पेनं दोन असतात ती पण याचसाठी, 5 ते 15 मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरं लागतं. आणखी एक म्हणाले ते मी तुला कधी सांगितलं नाही कारण तू घाबरशील असं वाटलं (बघ, परत तेच). खाण्याच्या ॲलर्जीने जीव जाण्याचा धोका सगळ्यात जास्त तुझ्याच वयाच्या आणि तुझ्याहून थोड्या मोठ्या मुलांना असतो. पेन जवळ नसतं, आणि चारचौघात सांगायला लाज वाटते.

त्या चॉकलेटवर मी रागावले होते, तेच चॉकलेट तू मोठ्या साइझमध्ये नेहमी खातोस आणि काही होत नाही. मग कळलं की हॅलोवीनच्या छोट्या तुकड्यात घटक वेगळे असू शकतात किंवा ते वेगळ्या ठिकाणी बनतात, आणि यादी कित्येकदा मोठ्या पिशवीवर असते, एकेका कागदावर नाही, आणि पिशवी तर ज्याने वाटलं त्याच्या घरात. आणि 'काजूचा अंश असू शकतो' ही ओळ छापायची कंपनीवर सक्तीच नाहीये इथे अमेरिकेत. घटकात असेल तर सांगावंच लागतं, 2004 च्या कायद्याने, 2023 पासून तिळाचंही नाव त्यात आलं, पण मशीनला लागून आलेल्याबद्दल सांगायचं की नाही ते त्यांच्या मर्जीवर. म्हणजे इतकी वर्षं मी पाकीट उलटून बघायचे, काही लिहिलं नसेल तर निर्धास्त तुझ्या हातात द्यायचे. कसले धोके घेत होते मी, विचार केला की पोटात गोळा येतो.

यंदा छोटी मागे लागलीये की आपल्या दारात निळसर हिरवा भोपळा ठेवायचा. 2014 पासून देशभर ठेवतात म्हणे, त्या रंगाचा भोपळा दिसला की इथे खायचं सोडून दुसरंही काहीतरी मिळतं हे मुलांना कळतं. रंग आणलाय, स्टिकर आणि चमकणाऱ्या कांड्या आणल्यात, तुझ्यासाठीच चाललंय तिचं सगळं, फक्त ती तसं म्हणणार नाही. तिला आणि तिच्या मैत्रिणींना घेऊन तू फिरणार आहेस ना, मग घरी आल्याशिवाय कुणीच काही तोंडात टाकायचं नाही एवढं बघ, तू सांगितलंस तर त्या ऐकतील, माझं नाही ऐकत.

आणि तू त्या पिक्चरबद्दल जे लिहिलंयस ते मी माझ्यावर घेतलंय. गेल्या महिन्यात माझी टेस्ट झाली होती, रिपोर्ट चांगला आलाय, काही नाहीये, पण मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं, बाबांनाही रिपोर्ट आल्यावर सांगितलं. आज संध्याकाळी दोघांना दाखवते.

गेल्या वर्षी पेन घरी राहिलं कारण त्या ड्रेसला खिसाच नव्हता आणि मीच म्हणाले होते की दोनच ब्लॉक तर आहेत, राहू दे. यंदाच्या ड्रेसला मी आतून खिसा शिवलाय, उजव्या बाजूला, दोन्ही पेनं बसतात, झाकणाला वेल्क्रो आहे. खुर्चीवर ठेवलाय, घालून थोडं चालून बघ. मांडीला लागत असेल तर ठीक आहे म्हणू नकोस, सांग, मी उसवून परत शिवते.

आई