बाबा, आता तुम्ही वाचायचं

विश्रामबाग, सांगली

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

आईचा रिपोर्ट डॉक्टरांनी मला फोनवर नीट समजावून सांगितला. डोळ्याच्या पडद्याचा अगदी मधला भाग खराब झालाय, कडा शाबूत आहेत. म्हणून तिला दारात कोण आलं ते कळतं, तुळशीला पाणी घालता येतं. पण पुस्तक समोर धरलं की नेमकं जिथं बघावं तिथलंच अक्षर पुसल्यासारखं होतं. इंजेक्शनं चुकवायची नाहीत, आहे ती नजर टिकवायला त्यांचीच मदत आहे. पण बारीक टाइपातली पुस्तकं तिला पुन्हा पहिल्यासारखी वाचता येतील असं मला वाटत नाही, आणि तसं खोटं आश्वासन मी तिला देणार नाही.

म्हणून हे पत्र मुख्यतः बाबांना आहे. आई, तू नुसतं ऐक. बाबा, तुम्ही हे तिला मोठ्यानं वाचून दाखवा, म्हणजे सुरुवात आजच होईल.

मला एवढंच हवंय की रोज दिवेलागणीनंतर अर्धा तास तुम्ही आईला गोष्ट वाचून दाखवायची. तीही विनोदी. आईनं आयुष्यभर काय वाचलं ते तुम्हाला माहीत आहे. नगर वाचनालयातून पुस्तक आणायचं, गॅसपाशी उभ्यानं वाचायचं आणि दूध उतू जाईपर्यंत एकटीनंच हसायचं. तुम्ही ड्यूटीवरून येऊन विचारायचात, "काय झालं गं?" आणि ती म्हणायची, "सांगून नाही कळायचं, वाचा एकदा." तुमच्या पाळ्या, डबल ड्यूट्या, यात्रेच्या जादा गाड्या, यात ते वाचणं राहून गेलं. आता वेळ आहे, आणि तिला त्याची गरज आहे. गेल्या महिन्यात ती फोनवर एकदाही हसली नाही, हे मला फार लागलंय.

"मला नाही येत असलं वाचायला," असं तुम्ही म्हणणार. बाबा, सातारा स्टँडवर इतकी वर्षं माइकवर गाड्या पुकारल्यात तुम्ही. त्या गलक्यात, फलाटावरच्या शेवटच्या म्हातारीलाही आपली गाडी कुठं लागली ते कळायचं. घाई नाही, आरडाओरडा नाही, प्रत्येक गावाचं नाव सुटं सुटं. वाचनाला लागणारा अर्धा गुण तुमच्याकडे तेव्हापासून आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल सांगते, कारण इथं वृद्धाश्रमात दर शनिवारी वाचताना मला त्याचा अनुभव येतोय.

पहिली गोष्ट, वाचणाऱ्यानं आधी हसायचं नाही. चिं. वि. जोशींचा चिमणराव घ्या. तो आपली हकिगत स्वतः सांगतो, आणि आपण सांगतोय ते हसण्यासारखं आहे याचा त्याला पत्ताच नसतो. तो बिचारा मनापासून, गंभीरपणे आपल्या अडचणी सांगत असतो. वाचणाऱ्याचा आवाज जरा जरी "आता बघा हं गंमत" असा झाला, की चिमणराव संपला. म्हणून गोष्ट आदल्या दिवशी मनात वाचून ठेवायची, काय हसायचं ते तेव्हा हसून घ्यायचं आणि आईसमोर सरळ चेहऱ्यानं वाचायचं.

दुसरं म्हणजे थांबणं. इथले जे आजी-आजोबा ऐकायला बसतात, त्यांचं हसू जरा उशिरा येतं. वाक्य कानात जातं, आत पोचतं आणि मग चेहरा हलतो. नवखा वाचणारा तेवढ्यात पुढचं वाक्य सुरू करतो, आणि हसणाऱ्याला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. तो हसू आवरतो, पुढच्या वेळी हसतच नाही. आमच्याकडे एक आजी आहेत, त्या हसू आलं की पदर तोंडाला लावतात. पदर खाली येईपर्यंत मी पान उलटत नाही. तुम्ही आईच्या चेहऱ्याकडे बघत वाचा. पुस्तक हनुवटीच्या खाली धरा, तोंड झाकू नका. कमी ऐकू येणारी माणसं ओठांवरूनही बरंच समजून घेतात, आणि आईचा उजवा कान तुम्हाला माहीत आहे. पंखा बंद ठेवा, त्याची घरघर आईच्या कानाच्या मशीनमध्ये घुसते. उजेड तुमच्या खांद्यामागून पडू द्या.

पात्रांचे आवाज काढायची गरज नाही. नाटकात काम केल्यासारखे पाच-सहा आवाज काढले की ऐकणारा गोष्ट सोडून आवाजच ऐकत बसतो. चिमणरावाचा सोबती गुंड्याभाऊ, त्याला जरा खालच्या पट्टीत, थोडं दणक्यात घ्यायचं, चिमणरावाला जरा कापरं, त्याच्या बायकोला, काऊला, तिच्या ठसक्यात, बास. लांब वाक्य आलं की आधी पेन्सिलीनं बारीक उभी रेघ मारून ठेवायची, श्वास कुठं घ्यायचा त्याची. मी तसं करते. माझ्या प्रतीत काही पानं अशा रेघांनी भरलीत.

राम गणेश गडकऱ्यांच्या बाबतीत तर या रेघांशिवाय चालायचंच नाही. बाळकराम या नावानं त्यांनी लिहिलेला विनोद म्हणजे उपमेवर उपमा, एका वाक्यात अर्धं पान. 1919 साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेलेला हा माणूस, त्यानं भाषेला इतकं नाचवलंय की नुसतं डोळ्यांनी वाचताना आपण निम्म्यावर दमतो. मोठ्यानं वाचलं की मात्र ती वाक्यं गाण्याच्या तानेसारखी समेवर येतात. पण ते तुम्ही पुढच्या वर्षी घ्या. त्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, मराठी विनोदी लेखनाचा पाया घालणारे, त्यांचं 'सुदाम्याचे पोहे' तर त्याहूनही नंतर. त्यातल्या कोट्यांना आणि त्या काळच्या संदर्भांना मध्येमध्ये समजावून सांगावं लागतं, आणि समजावून सांगितलेला विनोद थंड होतो.

पु. लं.चं तुम्हाला आधी सुचेल, कारण घरात तेच जास्त आहे. पण मी ते मागं ठेवीन. त्यांचा स्वतःचा आवाज आईच्या कानात पक्का बसलाय. कॅसेट लावून भाजी निवडायची ती. 'बटाट्याची चाळ' पाठ आहे तिला. तुम्ही वाचायला लागलात की ती तुम्हाला ऐकणार नाही, त्यांनाच ऐकणार.

आता जे मला मुख्य सांगायचं आहे ते. बाबा, तुम्ही म्हसवडचे. घरात तुम्ही एक भाषा बोलता आणि चार लोकांत गेलात की दुसरी. माइकवर तर अगदी शुद्ध. आम्ही शाळेत असताना तुम्ही पालकसभेला यायचात आणि एक शब्द बोलायचा नाहीत, कारण तोंडातून "न्हाई" किंवा "व्हय" गेलं तर मास्तर काय म्हणतील. आणि तेच तुम्ही रात्री जेवण झाल्यावर आम्हाला सिद्धनाथाच्या यात्रेतल्या फजित्या सांगायचात, तेव्हा आम्ही अंथरुणावर गडाबडा लोळायचो. "आरं पर त्यो उठतोय कशाला!" हे वाक्य तुम्ही जसं म्हणायचात तसं मला आजही म्हणता येत नाही. मी प्रयत्न करते, पण माझ्या तोंडी ते शाळेत शिकलेलं वाटतं.

शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या गोष्टींना तुमचा हाच आवाज हवा आहे. शंकर पाटील हातकणंगल्याकडच्या पट्टणकोडोलीचे, मिरासदारांचा जन्म अकलूजचा, आणि व्यंकटेश माडगूळकर तुमच्या शेजारचेच, आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. साठच्या दशकापासून या तिघांनी गावोगाव कथाकथन केलं. हॉलमध्ये, शाळेच्या पटांगणात, व्याख्यानमालांत लोक तुडुंब गर्दी करून ऐकायचे. गावाकडची बोली स्टेजवरून बोलायची असते, तिला लाजायचं नसतं, हे त्यांनी करून दाखवलं. पुढं तिघंही साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले: माडगूळकर 1983 साली अंबाजोगाईला, शंकर पाटील 1985 साली नांदेडला, मिरासदार 1998 साली परळीला.

मी वृद्धाश्रमात मिरासदारांच्या भोकरवाडी गावाच्या गोष्टी वाचते. गणा मास्तर, नाना चेंगट, बाबू पैलवान, शिवा जमदाडे ही मंडळी लोकांना फार आवडतात. पण मी वाचते तेव्हा नाना चेंगट पुण्यात शिकून आल्यासारखा बोलतो. मागच्या बाकावर कवठेमहांकाळकडचे एक आजोबा बसतात. त्यांनी परवा मधेच मला थांबवून एक ओळ स्वतःच्या तोंडानं म्हणून दाखवली. शब्द तेच, पुस्तकातलेच. हेल फक्त त्यांचा. सगळी खोली हसली, मीही हसले. तेव्हापासून माझ्या मनात तुम्ही आहात. तो हेल तुमच्याकडे आहे, बाबा. तो तुम्ही मुद्दाम आणू नका आणि मुद्दाम लपवूही नका. म्हसवडच्या घरी ओट्यावर बसून बोलता तसंच वाचा.

यूट्यूबवर, ॲपवर रेकॉर्डिंगं भरपूर मिळतात, ती का नाही लावायची, असंही तुमच्या मनात येईल. दुपारी लावा की. पण आईला फोनवरची बटणं आता दिसत नाहीत, आणि रेकॉर्डिंग तिच्या हसण्यासाठी थांबत नाही. "हे परत वाचा" म्हटलं तर परत वाचत नाही. शिवाय सगळा दिवस तिला दुसऱ्याकडून करून घ्यावं लागतंय, औषध, भाजी, दारातला हिशेब. या अर्ध्या तासात ती जाणकार असेल. काऊ कोण, राघू-मैना कोण, कुठल्या गोष्टीत काय, हे तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुम्ही वाचा, चुकलात तर ती सांगेल.

एक पुढचा विचारही आहे माझ्या मनात. जमलं तर तुमचं वाचन मी फोनवर रेकॉर्ड करून इथल्या आजी-आजोबांना ऐकवीन. त्यासाठी चिमणराव अगदी योग्य. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षं त्याच्या लेखनाचा हक्क राहतो. चिं. वि. 1963 साली गेले, त्यामुळे 1 जानेवारी 2024 पासून त्यांचं लेखन सगळ्यांसाठी खुलं झालंय. मिरासदार आणि शंकर पाटील यांचं तसं नाही, ते रेकॉर्ड करून वाटायचं तर परवानगी घ्यावी लागेल. घरात आईला वाचून दाखवायला मात्र कुणाची आडकाठी नाही.

पुस्तकं शुक्रवारी पाठवतेय. आपल्या स्टँडवरचे तुमचे जुने सहकारी सांगलीला येणार आहेत, त्यांच्या हातीच देते. दोन चिमणरावाची, एक मिरासदारांचं, एक शंकर पाटलांचं. चारही मोठ्या टाइपाची मुद्दाम शोधली. पिवळी चिठ्ठी लावलेली गोष्ट पहिल्यांदा घ्या, दहा-बारा पानांची आहे, थांबत थांबत वाचली तरी अर्ध्या तासात होते. शेजारच्या काकू आल्या तर त्यांनाही बसवा. हसायला दोघी असल्या की आईला मोकळं वाटेल. गरम पाण्याचा तांब्या जवळ असू द्या, घसा कोरडा पडतो. आणि त्याआधी तुमच्या स्वतःच्या चष्म्याचा नंबर तपासून घ्या. पोवई नाक्यापर्यंत जायचा कंटाळा करू नका.

रविवारी फोन करीन. तेव्हा गोष्टीत काय झालं ते आईनं मला सांगायचं, तुम्ही नाही.

तुमची,
वैशू